देण्याच्या वहीतली माणसं

सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्याला सगळा मुलूख ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणून ओळखतो. पहिल्या महायुद्धात या एका गावातली ४६ माणसं कामी आली, आणि इंग्रज सरकारनं त्यांच्या आठवणीसाठी गावात स्मारक उभं केलं. अशा स्मारकांच्या पाट्या सातारा, रत्नागिरी, पुणे, नगर या भागांत पुष्कळ गावांत आहेत. कुठे चावडीच्या भिंतीत, कुठे शाळेत, कुठे वेशीजवळ. मजकूर बहुतेक ठिकाणी एकाच साच्यातला: या गावातून इतके जण १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. गावाचं नाव असतं आणि दोन आकडे असतात. माणसाचं नाव नसतं.

पाटी बसवली तेव्हा हे कुणाला खटकलं नसणार. नावं सांगायला अख्खं गाव होतं. कुणाचा थोरला, कुणाचा जावई, कोणत्या आळीतला, हे विचारावंही लागत नव्हतं. शंभर वर्षांनी पाटी शाबूत आहे आणि सांगणारे गेले. आता विचारलं तर उत्तर घरापुरतं येतं. आमचे पणजोबा पलटणीत होते, बसऱ्याकडे गेले, परत आले नाहीत. कोणत्या पलटणीत, कोणत्या साली, कशानं गेले, यातलं काही घराला ठाऊक नसतं. इकडे सरकारी दप्तरात पलटण असते, नंबर असतो, तारीख असते. तो कुणाचा कोण हे नसतं. प्रस्तुत पुस्तक या दोन अर्ध्या कागदांना एकमेकांशेजारी ठेवण्याच्या खटपटीतून झालं आहे. ही खटपट करताना जुनी दप्तरं, पलटणींची संग्रहालयं आणि घरच्या पत्र्याच्या ट्रंका यांत माणूस कसा उरतो आणि कसा गळतो, ते आधी सांगायला हवं. नाहीतर पुढची चरित्रं म्हणजे शौर्यकथांची आणखी एक माळ वाटेल, आणि त्या तशा नाहीत.

आकड्यापासूनच सुरुवात करू. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, जे मेले आणि ज्यांची कबर वा दहनाची जागा सापडली नाही, त्यांच्यासाठी बसऱ्याला एक मोठं स्मारक बांधलं गेलं. २७ मार्च १९२९ ला त्याचं उद्घाटन झालं. ४०,५०० हून अधिक मृतांचं ते स्मारक. पण त्या दगडावर गोऱ्या शिपायाचं नाव आहे, हिंदी अधिकाऱ्याचं नाव आहे, आणि हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार हिशेब आहे: अमुक पलटण, आणि इतर इतके. १९९७ मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमावरून ते स्मारक मूळ जागेवरून हलवून नासिरियाच्या रस्त्यावर, वाळवंटात नेलं गेलं. आकडेही बरोबर गेले. युद्धातल्या कबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं २०२१ मध्ये स्वतःच एक अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातल्या किमान ४५,००० ते ५४,००० मृतांची आठवण इतरांच्या बरोबरीनं राखली गेली नाही, आणखी किमान १,१६,००० जणांची, कदाचित साडेतीन लाखांपर्यंतही, नावानं किंवा मुळीच राखली गेली नाही, अशी कबुली त्यात आहे. हे बहुतेक सगळे हिंदी, आफ्रिकी आणि इजिप्तचे लोक होते. अहवालात माफीही आहे. ती मनापासूनची असेल. पण अपशिंग्याच्या पाटीला ती पुरत नाही.

यावर कुणी म्हणेल, तो काळच तसा होता, सामान्य शिपायाचं नाव कोरायची रीतच नव्हती. तसं म्हणता येत नाही, आणि त्याचा पुरावा पुण्यापासून तासाभराच्या वाटेवर उभा आहे. १ जानेवारी १८१८ च्या लढाईनंतर कंपनी सरकारनं भीमा-कोरेगावला जो स्तंभ उभारला, त्यावर मेलेल्या आणि जखमी झालेल्या साध्या शिपायांची नावं आहेत, इंग्रजीत आणि मराठीत. त्यांतली २२ नावं ‘नाक’ या शेवटाची, म्हणजे महार शिपायांची. १८१८ मधल्या लढाईत पडलेला शिपाई नावानं ओळखता येतो आणि त्यानंतर शंभर वर्षांनी बसऱ्याकडे पडलेला ओळखता येत नाही. स्तंभ उभारताना कंपनीला इथल्या शिपायाची निष्ठा मिळवायची होती. बसऱ्याचं स्मारक झालं तेव्हा ती गृहीत धरलेली होती. माझ्या मते फरक एवढाच आहे. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर कोरेगावला गेले ते या नावांपाशी गेले. तिथे नुसता आकडा असता तर त्या दगडाला पुढे जे बळ आलं ते आलं असतं का, याची मला शंका आहे.

मग नाव कुठे सापडतं? या पुस्तकातल्या बहुतेक माणसांचा माग लागला तो देण्याघेण्याच्या कागदांत. दगडाला आकडा चालतो, पैशाला चालत नाही. पगार, भत्ता, पेन्शन, इनाम द्यायचं तर ते कुणाला तरी द्यावं लागतं. त्याचं नाव लागतं, बापाचं नाव लागतं, मौजे-तालुका लागतो, अंगावरची खूण लागते. तो मेला असेल तर वारस लागतो आणि त्या वारसाला ओळखणारे पंच लागतात. सरकारला माणूस आठवतो तो बहुधा सरकार त्याचं काही लागत असतं म्हणून. हे ऐकायला रुक्ष आहे, पण संशोधकाच्या दृष्टीनं याहून भरवशाचं सूत्र नाही.

हे इंग्रजांपासून सुरू झालं असंही नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातले हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडून पाहिले तर लढायांची वर्णनं थोडी आणि हिशेब फार. कोणत्या पथकात किती स्वार, कुणाचं घोडं पडलं, त्याचं काय द्यायचं, जखमीला काय द्यायचं. लढाईत पडलेल्याच्या मुलांच्या पोषणासाठी जी नेमणूक होई तिला ‘बालपरवेशी’ म्हणत. अशा नोंदीत मेलेल्या माणसाबद्दल एखादी ओळ असते. तो कुठे पडला एवढीच. पण मागे कोण राहिलं ते असतं. घराण्याच्या बखरीत सरदाराच्या पराक्रमाची पानंच्या पानं वाचून कंटाळा आला की मी अशा याद्यांकडे वळतो. तिथे नावापुढे ‘रणशूर’ वगैरे काही नसतं आणि माणूस अधिक स्पष्ट दिसतो.

ज्या इमारतीत हे दप्तर आहे तिचा जन्मही याच व्यवहारातला. पेशवाई बुडाल्यावर कोणती इनामं खरी आणि कोणती खालसा करायची हे ठरवण्यासाठी १८५० च्या दशकात इनाम कमिशन बसलं आणि गावोगावचे, घरोघरचे कागद सरकारजमा झाले. पुढे त्यांच्यासाठी पुण्यात दगडी दप्तरखाना बांधला गेला. इतिहासाची सोय व्हावी म्हणून कुणी तो बांधलेला नाही. दावे तपासायला आणि पुष्कळदा नाकारायला हे कागद लागत होते. आपण आज ज्याला वारसा म्हणतो त्यातला मोठा भाग अशा नाकारण्याच्या तयारीतून वाचला आहे.

पलटणीच्या कागदांचंही तसंच. फौजेत राहिलेल्या कुणालाही ‘शीटरोल’ काय ते सांगावं लागत नाही. भरतीच्या दिवसापासून पेन्शनीपर्यंतचा सगळा माणूस त्यात असतो: उंची, छाती, डाव्या गालावरचा तीळ, शिक्षा, बढती, रजा, हुद्दा, मेडल. लग्न झालं, मूल झालं, बायको वारली की ‘पार्ट टू ऑर्डर’ निघते. ती निघाली नाही तर पलटणीच्या लेखी ते लग्न झालेलंच नसतं, आणि पुढे विधवेला कुटुंब पेन्शन मिळताना त्याचा जो त्रास होतो तो जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बाकावर अर्धा दिवस बसलं तरी कळतो. हयातीचा दाखला, वारस दाखला, नावातला फरक मिटवणारं प्रतिज्ञापत्र. कागदावर ‘गणपत’ आणि घरी ‘गणू’. कागदावर ‘सोनूबाई’ आणि सासरचं नाव ‘लक्ष्मी’. भरतीच्या वेळी कारकून पंजाबी किंवा गोरा असेल तर त्यानं रोमन लिपीत लिहिलेलं गाव ओळखायला तालुक्याचा नकाशा पुढ्यात घ्यावा लागतो. एकाच कंपनीत चार पांडू जाधव असतात आणि चौघांचं गाव कऱ्हाडजवळचं असतं. त्यांना वेगळं करतो तो नंबर. म्हणजे ज्या आकड्याविरुद्ध मी वर तक्रार केली, त्याच्याशिवाय नावही लागत नाही, हेही नमूद केलं पाहिजे.

पंजाबात या बाबतीत वेगळं घडलं. महायुद्ध संपल्यावर तिथल्या सरकारनं गाववार रजिस्टरं करवली. कोणत्या गावातून कोण गेला, बापाचं नाव, पलटण, पुढे काय झालं. सुमारे ३,२०,००० शिपायांची ही रजिस्टरं लाहोरच्या संग्रहालयात दशकानुदशकं पडून होती. २०२१ मध्ये त्यांचा पहिला भाग संगणकावर खुला झाला आणि सीमेच्या दोन्ही बाजूंची, शिवाय इंग्लंडात गेलेली पंजाबी कुटुंबं आपापल्या पणजोबांना शोधू लागली. आपल्या भागासाठी असं एकगठ्ठा काम हाताशी नाही. इथे शोध घ्यायचा तर पलटण, जिल्हा, घर असा तुकड्यातुकड्यानं घ्यावा लागतो, आणि म्हणून हे पुस्तक विस्कळीत आहे. काही माणसांना दहा पानं मिळाली, काहींना अर्धं. ज्याचे जितके कागद, तितकं त्याचं प्रकरण. संपादकांनी ते ओढूनताणून सारखं केलेलं नाही, हे मला आवडलं.

कूतच्या प्रकरणाबद्दल थोडं विस्तारानं लिहितो, कारण आपल्याकडे ते जवळजवळ विसरलं गेलं आहे. १९१५ च्या हिवाळ्यात बगदादच्या दिशेनं चाललेल्या फौजेचं नाव होतं सहावी पूना डिव्हिजन. त्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी होत्या, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या कंपन्या होत्या. बगदादच्या अलीकडे टेसिफनला तुर्कांशी गाठ पडली. तिथून माघार घेत जनरल टाउनशेंडची ही फौज टायग्रिसच्या वळणावरच्या कूत-अल-अमारा या गावात शिरली आणि ७ डिसेंबर १९१५ ला वेढली गेली. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. सोडवायला निघालेल्या फौजांनी हजारो माणसं घालवली, पण त्या पोचल्या नाहीत. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे १३,००० माणसांनी शस्त्रं खाली ठेवली. त्यांतली बहुसंख्य हिंदी होती.

इंग्रजी पुस्तकांत या वेढ्याची एक गोष्ट हटकून येते. धान्य संपत आल्यावर घोडी आणि खेचरं कापली गेली. गोऱ्यांनी ते मांस खाल्लं, हिंदी शिपायांतल्या बहुतेकांनी एप्रिल उजाडेपर्यंत नाकारलं. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची संमती तारेनं मागवली गेली, तीही पुरली नाही. या गोष्टीचा सूर बहुधा तक्रारीचा असतो: यांनी वेळेवर खाल्लं असतं तर ताकद टिकली असती, वेढा आणखी चालवता आला असता. मला हा सूर पटत नाही. देवाला बकरं कापणाऱ्या मावळी किंवा माणदेशी शेतकऱ्याला मांसाचं वावडं नव्हतं. घोडं खाल्ल्याची बातमी गावी पोचली तर पंगतीला कोण घेईल, मुलीचं लग्न कसं जमेल, हा त्याचा हिशेब होता. धर्मगुरू संमती देतील. भावकी देईल का? तो कूतमध्ये होता पण जगत होता गावात. सेनापतीचा हिशेब दिवसांचा होता आणि शिपायाचा पिढ्यांचा. यातला कोणता शहाणपणाचा हे लंडनमध्ये बसून ठरवणं सोपं होतं.

शरणागतीनंतर जे झालं ते वेढ्याहून भयंकर. अधिकाऱ्यांना वेगळं काढलं गेलं आणि शिपायांना उन्हाळ्यात बगदाद, मोसुलवरून पायी हाकलत नेलं. कित्येक वाटेतच पडले. जगले ते रास-अल-ऐन आणि पुढच्या डोंगरांत बगदाद रेल्वेच्या कामाला लागले. तिथे आमांश, ताप, उपासमार. या काळातल्या मृत्यूंना धड तारीख नाही, धड जागा नाही. आणि इथे देण्याच्या वहीचं सूत्र अडखळतं. मेल्याची नोंद नाही तर वारसाला काय द्यायचं? बेपत्ता माणूस म्हणजे कारकुनाच्या दृष्टीनं सगळ्यांत अवघड माणूस. घरच्यांसाठी तर त्याहून अवघड. कुंकू पुसायचं की ठेवायचं हेही ठरत नाही. पुढे १९२१ मध्ये ११७ व्या पलटणीला ‘रॉयल’ हा किताब मिळाला. १९२२ मध्ये सगळ्या मराठा पलटणी एका रेजिमेंटखाली येऊन बेळगाव हे त्यांचं केंद्र झालं. पलटणीचा मान तिच्या इतिहासात व्यवस्थित नोंदवला आहे. रास-अल-ऐनला रुळाखाली खडी फोडणाऱ्यांच्या वाट्याला त्यातलं काय आलं, ते या पुस्तकातलं दुसरं प्रकरण वाचून ज्यानं त्यानं ठरवावं.

महार शिपायांची कहाणी मात्र दुसऱ्या टोकाकडून सुरू होते. इथे सरकार देणं लागत होतं आणि द्यायला तयार नव्हतं. कंपनीच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येनं होते. फौजेत शिक्षण सक्तीचं, पगार रोख, निवृत्तीनंतर पेन्शन. कोकणात दापोलीच्या कॅम्पात अशा पेन्शनरांची वस्तीच होती. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ महूहून निवृत्त झाल्यावर कुटुंबासह तिथेच येऊन राहिले. मग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लढाऊ जातींची कल्पना फौजेत बळावली आणि १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. ज्या घरांनी तीन-तीन पिढ्या पलटणीत घालवल्या ती एका हुकमानं अपात्र ठरली.

महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ मध्ये फौजेतून निवृत्त झाले होते. १८९४ मध्ये त्यांनी सरसेनापतीकडे धाडण्यासाठी अर्ज तयार केला. भरती पुन्हा सुरू करा ही मागणी, आणि आधार पूर्वीच्या सेवेचा. पुढे शिवराम जानबा कांबळे यांनीही असेच अर्ज केले. हे अर्ज मला या सगळ्या विषयातले सगळ्यांत महत्त्वाचे कागद वाटतात. इथे शिपाई स्वतःचा इतिहास स्वतः मांडतो आहे. कोणत्या लढाईत आम्ही होतो, कोणते सुभेदार आमचे होते, कोणाला कोणती मेडलं मिळाली, हे तो सरकारच्याच कागदांतून काढून सरकारपुढे ठेवतो. त्याच सुमाराला दापोलीचे महार पेन्शनर आपल्या मुलांना नगरपालिकेच्या शाळेत इतर मुलांबरोबर बसू द्या म्हणून झगडत होते. पेन्शनीच्या कागदानं त्यांना सरकारशी बोलायची सवय लावली होती. ती सवय त्यांनी शाळेच्या दारात वापरली. पुढच्या मोठ्या चळवळीची पूर्वतयारी अशा अर्जांत शोधावी, असं मला वाटतं. महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये मोडली. दुसऱ्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ती अजून आहे.

आता वीरांबद्दल. वाचक या पुस्तकात यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना शोधतीलच. नाईक यशवंत घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याखेरीज सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावून गेले. हातगोळ्यानं मशीनगन आणि तिचा गनर संपवला, एकाला गोळी घातली, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्यानं मारलं. त्यानंतर शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. वय २२. त्यांची कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. नामदेव जाधव नगर जिल्ह्यातले. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदी ओलांडताना त्यांनी दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून माघारी आणून पोचवलं आणि मग तीन मशीनगन ठाणी गप्प केली. ते जगले, गावी परतले, आणि १९८४ पर्यंत होते.

दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. दोघांची हकिकत लंडनच्या गॅझेटमध्ये तपशिलानं छापलेली आहे, त्यामुळे दोघांबद्दल लिहिणं सोपं, आणि म्हणूनच आपण फक्त त्यांच्याबद्दलच लिहितो. घाडग्यांचा पुतळा माणगावला आहे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने या गावात त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं; ज्या गावच्या आसपास परक्याच्या युद्धात कोकणातला पोरगा मेला, त्या गावकऱ्यांना तो आठवावासा वाटला, याचं मोल मी कमी लेखत नाही. पण घाडग्यांच्या सेक्शनमधले बाकीचे कोण होते? गौरवपत्रात त्यांचा उल्लेख ‘सगळे मेले किंवा जखमी झाले’ एवढाच. एका माणसाचं शौर्य उठून दिसावं म्हणून बाकीच्यांचं नाव पुन्हा आकड्यात गेलं. या पुस्तकात जाधवांवर चार पानं आहेत आणि तोब्रुकला जून १९४२ मध्ये कैद झालेल्या दुसऱ्या मराठा पलटणीच्या शिपायांवर चोवीस. कुणाला हे प्रमाण उलटं वाटेल. मला ते रास्त वाटतं. कैदेत गेलेल्या माणसाला मेडल नसतं, त्याच्यावर पोवाडा होत नाही, आणि घरी आल्यावर तोही फारसं बोलत नाही.

संग्रहालयांबद्दल माझी एकच तक्रार आहे. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या संग्रहालयात किंवा खडकीच्या सॅपर्सच्या संग्रहालयात वस्तू उत्तम राखल्या आहेत. झेंडे, बिल्ले, बिगुल, जिंकून आणलेली हत्यारं. पलटणीच्या दृष्टीनं ते तिचं देवघर आहे, आणि तिथे नव्यानं भरती झालेल्या पोराला घेऊन जातात ते योग्यच. नगरचं रणगाड्यांचं संग्रहालय तर सगळ्या देशातून लोक पाहायला येतात. मुलं रणगाड्याला हात लावून बघतात, बाप फोटो काढतात. तिथल्या यंत्रांची वजनं, वेग, तोफांचे व्यास फलकावर लिहिलेले असतात. तो रणगाडा कुणी चालवला, आत उन्हाळ्यात किती उकडत होतं, गोळा भरणारा कोणत्या गावचा होता, हे लिहायला फारशी जागा लागत नाही. पलटणीचं संग्रहालय पलटणीसाठी असतं, शिपायासाठी नसतं, हे मान्य करूनही प्रत्येक काचेखाली एखाद्या माणसाचं गाव लिहावं, एवढं मागणं जास्त नाही. सॅपर्सच्या संग्रहालयाला तर सांगण्यासारखं फार आहे. २८ ऑक्टोबर १९१४ ला फ्रान्समध्ये नव्ह शापेल या गावात बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या घराघरातून लढल्या आणि त्यांचे सगळे गोरे अधिकारी मेले किंवा जखमी झाले. पूल बांधणारी, खंदक खणणारी ही माणसं होती. त्यांना त्या दिवशी संगिनी लावून पुढे पाठवलं गेलं.

एक गोष्ट मराठी वाचकाला अडचणीची वाटेल, तिचाही उल्लेख करतो. ही माणसं कुणासाठी लढली? १९४३ ते १९४६ या काळात सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं होतं आणि त्याच जिल्ह्यातली हजारो माणसं त्याच वर्षांत इटलीत आणि ब्रह्मदेशात सरकारच्या पलटणींत होती. स्वातंत्र्यानंतर आपण पहिल्यांच्या कथा पाठ केल्या आणि दुसऱ्यांच्या ट्रंकेत ठेवल्या. त्यामागे थोडा संकोच होता. या पुस्तकानं तो संकोच झाकलेलाही नाही आणि शिपायाला देशभक्तीचे उसने कपडेही घातलेले नाहीत. जमीन थोडी, पाऊस बेभरवशाचा, घरात तीन भाऊ. धाकटा पलटणीत गेला की मनीऑर्डर येते आणि सावकार दारात उभा राहत नाही. बहुतेकांचं कारण एवढंच होतं. त्या कारणात कमीपणा काय आहे?

उणिवा सांगणं हेही प्रस्तावनाकाराचं काम असतं. या पुस्तकात घाटावरचे लोक भरपूर आहेत आणि बंदरावरचे जवळजवळ नाहीत. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतून शिपाई गेले तसे खलाशीही गेले: आगबोटींच्या भट्टीत कोळसा टाकणारे, डेकवरचे, भांडारी, सारंग. त्यांत कोकणी मुसलमान होते, खारवी होते, भंडारी होते. बोट पाणबुडीनं बुडवली की त्यांना ना कबर, ना पलटण, ना शीटरोल. मुंबईत मशीद बंदराजवळच्या नाविकगृहात पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या सुमारे ६,५०० नाविकांची नावं एका नोंदग्रंथात आहेत आणि त्या ग्रंथाची एक प्रत मुंबईत, दुसरी चितगावला आहे. मुंबईकर त्या रस्त्यावरून रोज जातात. तिथे काय आहे हे फार थोड्यांना माहीत असेल.

इथे आकडा नाही, नावं आहेत. फक्त त्यांच्यापुढे गाव लावायचं काम बाकी आहे, आणि ते काम दाभोळ, जयगड, हर्णै, श्रीवर्धन इथल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलल्याशिवाय व्हायचं नाही. तिथे वहीही वेगळी आहे. खलाशाचा करार बोटीच्या कंपनीशी होता. त्याचं देणं सरकारच्या तिजोरीतून नव्हतं, त्यामुळे त्याचे कागद गोदी, कंपनी आणि खलाशांच्या संघटना असे तीन ठिकाणी विखुरलेले असणार. संपादकांनी दुसऱ्या भागाचा विचार चालवला आहे असं ऐकतो. त्यांनी तो मशीद बंदरावरून सुरू करावा, आणि कोकणातल्या वाचकांपैकी कुणाच्या घरी जुनी ‘नळी’ असेल, म्हणजे खलाशी-पुस्तिका ज्या पत्र्याच्या गोल डबीत ठेवत ती, तर ती उघडून आतल्या पुस्तिकेवरचं बोटीचं नाव आणि साल आधी त्यांना कळवावं.